पेस्टिंगच्या गाळ्यांकडे लक्ष द्या : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

माझा धाकटा भाऊ धारावीत चपला चिकटवायचं, म्हणजे पेस्टिंगचं, काम करायचा. सहा वर्षं केलं. गेल्या पावसाळ्यात तो घरी येत असताना मागून एका मुलानं हाक मारली, "दादा, चप्पल पडली तुमची." डाव्या पायातली चप्पल वीसेक पावलं मागे राहिली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याआधी दोन-तीन महिने पायांना मुंग्या येत होत्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं दिली. पुढे शर्टाची बटणं लावायला तो आईला हाक मारायला लागला, तेव्हा आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काम काय करतोस?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं.

त्याचा गाळा म्हणजे पोटमाळ्यावरची दहा बाय बाराची खोली. सहा माणसं, मधे सोल्युशनचा, म्हणजे चिकटवायच्या द्रवाचा, उघडा डबा. ब्रशनं सोलला, म्हणजे तळाला, लावायचं, अपरला, म्हणजे वरच्या भागाला, लावायचं, सुकू द्यायचं, फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, दाबायचं. या सगळ्यात सुकणं हीच घातक गोष्ट आहे. सोल्युशन सुकतं म्हणजे त्यातलं पातळ द्रव्य उडून हवेत जातं, आणि तीच हवा सहा जण दिवसभर ओढतात. पावसाळ्यात माल ओला होऊ नये म्हणून खिडकीही बंद. संध्याकाळी हाताचा चिकटा थिनरनं काढायचा, म्हणजे उरलेलं कातडीतून आत. शेठ वाईट माणूस नाही. तो रोज सगळ्यांना गूळ द्यायचा, गुळानं छाती साफ राहते म्हणून. गुळानं यातलं काही थांबत नाही, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

अशा सोल्युशनमधलं हे उडून जाणारं पातळ द्रव्य, म्हणजे सॉल्व्हंट, बहुधा हेक्सेन किंवा टोल्युइन असतं. हेक्सेन शरीरात गेलं की यकृतात त्याचं दुसरंच एक रसायन तयार होतं आणि ते मज्जातंतू खराब करतं. सगळ्यात लांब तंतू आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. काम सोडल्यावरही पुढचे काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, त्रास वाढतच राहतो. माझ्या भावाला वाटलं, काम सोडून घरी बसल्यामुळेच पाय गेले. तो परत गाळ्यावर निघाला होता. आईनं दार अडवलं.

हा आजार नवा नाही. १९६०च्या दशकात जपानमध्ये घरबसल्या सँडल चिकटवणाऱ्यांचे हातपाय असेच लुळे पडले. १९७०च्या दशकात इस्तंबूलच्या चपला-बूट कारागिरांमध्ये रक्ताचा कर्करोग आढळला, तो चिकटद्रव्यातल्या बेंझिनमुळे. २००९ मध्ये चीनमधल्या सूजौ शहरात मोबाइलच्या काचा हेक्सेननं पुसणारे शंभराहून अधिक कामगार आजारी पडले. यातलं काहीही धारावीच्या पोटमाळ्यापर्यंत पोचलेलं नाही.

साहेब, आमची अडचण कायद्याच्या मोजणीत आहे. जागा कारखाना ठरायला १९४८च्या कारखाने कायद्यात मूळ आकडा विजेवर चालणाऱ्या जागेसाठी १० आणि विजेविना २० कामगारांचा होता. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो २० आणि ४० झाला. भावाच्या गाळ्यात सहा माणसं. म्हणजे तो कारखाना नाही, तिथे निरीक्षक येणार नाही, रक्त-लघवीची तपासणी होणार नाही. पण खोली जितकी लहान तितकी वाफ दाट, तेव्हा धोका सहा माणसांच्या खोलीतच जास्त. धोक्याचं काम असेल तर एकच कामगार असलेली जागाही अधिसूचना काढून संहितेखाली आणण्याची सोय आहे. सॉल्व्हंटचं पेस्टिंग त्यात यावं यासाठी आपण केंद्राकडे आग्रह धरावा, आणि राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला या गाळ्यांची यादी करायला सांगावं. डबे कुठल्या दुकानातून कुठल्या गल्लीत जातात हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून सुरुवात केली तर यादी अवघड नाही.

डब्यावर आत काय आहे ते मराठीत आणि हिंदीत ठळक लिहायला लावा. भावाच्या डब्यावर ज्वाळेचं चित्र आणि इंग्रजी बारीक अक्षरं होती. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्याला कोळशाची कार्ट्रिज, म्हणजे गाळणीची डबी, असलेला मास्क लागतो, हेही डब्यावर यायला हवं. हेक्सेनची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड असते. ती खाली बसते, जमिनीलगत पसरते आणि खालच्या मजल्यावरच्या शेगडीपर्यंत जाऊन पेट घेऊ शकते. त्यामुळे छताचा पंखा कामाचा नाही. कामाच्या पाटाशेजारून हवा ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट लागतो. धारावीचा पुनर्विकास होणारच आहे, तर नव्या गाळ्यांच्या नकाशात हवा बाहेर जायची ही वाट आत्ताच काढा. नंतर भिंती फोडायला कुणी येत नाही.

आणखी एक, हे खूप तातडीचं आहे. बरेच जण थिनर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतात. लेकरू ते प्यायलं तर घाबरलेली माणसं त्याला उलटी करायला लावतात, आणि ते फुफ्फुसात उतरतं. उलटी काढू नका, सरळ रुग्णालयात न्या, एवढं प्रत्येक गाळ्याच्या भिंतीवर लागलं पाहिजे.

पाण्यावर आधारलेलं चिकटद्रव्य मिळतं. ते सावकाश सुकतं, म्हणून वाळवणीचं यंत्र लागतं आणि ते लहान गाळ्याला परवडत नाही. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळामार्फत यासाठी कर्ज आणि शिक्षण देता येईल. ते खातं आपलं नाही हे मला माहीत आहे. पण दोन मंत्र्यांनी एकदा बसून बोलावं, एवढीच विनंती आहे.

भाऊ आता भिंत धरून चालतो. बोटांत थोडी ताकद येतेय, परवा त्यानं वरचं बटण स्वतः लावलं. त्याच्या तपासणीची प्रत आणि डब्याच्या लेबलचा फोटो आपल्या कार्यालयाकडे पाठवला आहे. त्या खोलीत अजून पाच जण बसतात. त्यांची तपासणी कुठे आणि कधी होईल, हे कृपया कळवावं.

आपली,
धारावीतल्या एका पेस्टिंग कामगाराची बहीण