चुलीजवळची आणि चरख्याजवळची माणसे

वर्ध्याजवळून,
12 जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

या निवासी शिबिराला येऊन आज नऊ दिवस झाले. निघताना तू म्हणाला होतास की सेवाग्राममधल्या गांधीजींच्या बापू कुटीविषयी सविस्तर लिही. कुटीची छापील माहिती तुला कुठेही मिळेल. म्हणून मी या पत्रात आम्हाला रोज जेवू घालणाऱ्या मावशींविषयी आणि सूत कातायला शिकवणाऱ्या गुरुजींविषयी लिहिणार आहे. कुटीचा विषय त्यात ओघाने येतोच, कारण ती कुटीही मुळात एक शिकवणीची जागाच होती.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावला आले. पुढे सुरुवातीच्या काळात सगळी मंडळी आदिनिवास या एकाच घरात राहत असत. (बुलढाण्याकडच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.) आज लोक ज्या कुटीत चपला काढून, आवाज खाली आणून शिरतात, ती गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांची होती आणि तिथे त्या गावकऱ्यांना पिंजण व सूतकताई शिकवीत. भिंतीवर मातीने उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा हेही त्यांच्याच हातचे. गांधीजी तिथे राहायला आले ते त्यानंतर. मी परवा ते पाहायला गेलो, तेव्हा आमचे गुरुजी बरोबर होते. ते झाडांकडे न पाहता भिंतीवरच्या चरख्याची माळ, म्हणजे सूत पिळणाऱ्या सळईला (चात्याला) चाकाशी जोडणारी दोरी, नीट ओढलेली आहे की नाही ते निरखीत होते.

गुरुजी फार बोलत नाहीत. उजव्या हाताने चाक फिरवताना डावा हात मागे न्यायचा आणि चिमटीचा दाब सांभाळायचा, एवढेच त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले. दाब वाढला की तार तुटते, कमी झाला की सुतात गाठी येतात. माझ्याकडे पाठ करून बसलेले असतानाही चात्याच्या आवाजावरून ते म्हणतात, "माळ सैल झाली आहे, बघा." दोन दिवस माझी तार सारखी तुटत होती, म्हणून मी स्वतःवर चिडलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातातला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, उलगडून उजेडाकडे धरला आणि सांगितले की कातणाऱ्याची निम्मी चूक पिंजणाऱ्याची असते. तो पेळू आमच्याच तुकडीतल्या एका प्राध्यापकांनी केलेला होता, हे मी तुला खासगीत सांगतो. तुटलेल्या तारांचा गोळा मी कचऱ्यात टाकायला निघालो, तर गुरुजींनी तो उशीत भरायला ठेवून घेतला.

स्वयंपाकघर मात्र बोलके आहे. मावशींच्या दोघी मदतनीस आणि त्या स्वतः अशा तिघीजणी पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापतात. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरीला कडेने चिरा पडतात. अशा पिठाला त्या आधणाचे पाणी घालून काठवटीत मळतात, आणि किती पाणी घालायचे ते मोजून नव्हे तर बोटाने ठरवतात. या दिवसांत तुरीच्या ओल्या शेंगा येतात, त्यामुळे दोनदा सोलेभात झाला. त्याबरोबर जवसाची चटणी आणि कढी. पहिल्याच दिवशी मावशींनी मला "सांभार आणा" म्हणून मळ्यात पाठवले, आणि मी पुण्याचा माणूस सांबाराचे भांडे शोधत परत आलो. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे मला तेव्हा कळले. आश्रमाच्या एकादश (अकरा) व्रतांतले अस्वाद व्रत, म्हणजे चवीसाठी न खाण्याचे व्रत, हे शिबिर पाळते, तरी मावशींच्या हातचे कधी बेचव लागले नाही. सेवाग्रामचे आश्रमवासी भणसाळी यांच्यासारखे कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन राहणे थोरांना जमते. आम्हाला मावशी लागतात.

एक गोष्ट मनाला लागली आहे. समारोपाच्या पत्रिकेत सात व्याख्यात्यांची नावे त्यांच्या पदव्यांसह छापली आहेत आणि गुरुजींसाठी व मावशींसाठी "तसेच इतर सहकारी" एवढे तीन शब्द आहेत. चौकशी केली तेव्हा कळले की व्याख्यात्यांना मानधन आहे, गुरुजींना प्रवासखर्च आहे आणि मावशींना दिवसाची मजुरी आहे, तीही शेतावरच्या मजुरीपेक्षा कमी. हे वर्ध्याच्या परिसरात घडावे याचे अधिक वाईट वाटते, कारण इथेच नालवाडीला विनोबांनी रोज तासन्‌तास कातून फक्त त्या मजुरीवर जगून पाहिले होते, आणि कातणाऱ्यांना पोटापुरती तरी मजुरी मिळालीच पाहिजे हा आग्रह गांधीजींनी 1935 मध्ये खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघाकडे धरला होता. त्यामुळे खादी महागते, ही तक्रार तेव्हाही झाली होती. मी आयोजकांना लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

मावशींना मी पत्रिका दाखवली, तेव्हा त्यांनी ती उलटून पाहिली आणि मागची कोरी बाजू दुधाच्या हिशेबाला चालेल म्हणून ठेवून घेतली. समारोपाला त्या असणारही नाहीत, कारण घरी तुरीची कापणी आली आहे. त्या दिवशीचा स्वयंपाक आम्ही शिबिरार्थींनी करायचा असे ठरले असून भाकऱ्या माझ्या वाट्याला आल्या आहेत. काल सराव केला, तेव्हा सहापैकी चार तव्यावर टाकतानाच मोडल्या.

चार लटींची, म्हणजे सुताच्या लहान जुड्यांची, एक गुंडी होते. माझ्या तीन लटी झाल्या आहेत. चौथी पुरी झाली की सगळे सूत जवसाच्या चटणीसह तुझ्याकडे पाठवतो. सुतात गाठी पुष्कळ आहेत, आणि त्या सगळ्याच काही प्राध्यापकांच्या नव्हेत.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना सोबती