चौकी बंद होती, म्हणून दावा नामंजूर?

प्रति,
दावा विभाग प्रमुख,
वाहन विमा, पुणे कार्यालय

विषय : चोरीला गेलेल्या स्कूटरचा दावा नामंजूर केल्याबद्दल तक्रार

महोदय,

तुमचं पत्र काल मिळालं. ‘चोरी व एफआयआर यांत 39 तासांचा अवाजवी विलंब’ एवढंच कारण त्यात दिलं आहे. हे 39 तास मी कुठे होते, ते तुमच्याकडून कुणी विचारलंच नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवार, 8 नोव्हेंबर 2025. रात्री नऊच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावर डबा देऊन खाली आले, तर स्कूटर जागेवर नाही. मागच्या जाळीत सात भरलेले डबे होते, तेही गेले. तशीच चालत आमच्या पोलीस चौकीत गेले. ग्रिलला कुलूप, आत ट्यूब चालू, आणि दारावर चिकटवलेला कागद : ‘वेळ सकाळी 10 ते सायंकाळी 7. रविवारी बंद. तातडीसाठी 112.’ पूर्वी या चौकीत रात्री अकरा-बारापर्यंत एक तरी हवालदार बसलेला असायचा. माणसं कमी पडतात म्हणून वेळ कमी केली, असं शेजारचा पानवाला म्हणाला. त्या कागदाचा फोटो मी तिथेच काढला. त्यावर 9.22 ही वेळ आहे, प्रत सोबत जोडली आहे.

112 ला फोन केला. बीट मार्शल आले, गल्ली पाहिली, डायरीत नोंद केली. 9.50 ला तुमच्या टोल फ्री नंबरवर चोरी कळवली. म्हणजे कंपनीला तासाभरात खबर होती, आणि तक्रार क्रमांक तुमच्याच एसएमएसमध्ये आहे. त्यानंतर भाच्याला घेऊन रिक्षाने पोलीस ठाण्यात गेले. ठाणं उघडं होतं, पण ‘तुमच्या भागाच्या तक्रारी चौकीतच घेतात, तिथे जा’ असं सांगून परत पाठवलं. रविवारी चौकी बंद. सोमवारी दहाच्या आधीच मी दारात उभी होते, आणि दुपारी बाराला गुन्हा नोंदवला गेला.

हद्द कोणतीही असो, ठाण्याने खबर नोंदवून घ्यायलाच हवी, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं, आणि ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्या रात्री मला हे माहीत नव्हतं. पोलिसांविषयीची तक्रार मी आयुक्तालयात वेगळी दिली आहे. पण त्यांच्या बंद दाराचे तास तुम्ही माझ्या नावावर का लावता? तुमच्या सर्व्हेअरने चौकीची वेळ बघितली का? 112 ची नोंद मागवली का? दोन्ही किल्ल्या, आरसी, एफआयआरची प्रत, आरटीओला दिलेलं पत्र, सगळं मी वेळेत दिलं. चोरी झालीच नाही, असं तुम्हीही कुठे म्हटलेलं नाही.

केवळ उशीर झाला या तांत्रिक कारणावर खरे दावे फेटाळू नयेत, असं विमा नियामकाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात सर्व कंपन्यांना बजावलं आहे. उशीर टाळता येण्याजोगा होता का, हे आधी तपासायचं असतं. माझ्या बाबतीत ते झालेलं नाही.

सहा वर्षं हप्ता एक दिवसही चुकवला नाही. या स्कूटरवर माझे चाळीस डबे पोचायचे. आता भाच्याच्या सायकलवर पंधरा जेमतेम होतात, लांबची गिऱ्हाइकं सोडावी लागली. त्यात दोन म्हातारी माणसं आहेत, एकटी राहणारी. त्यांना ‘उद्यापासून डबा नाही’ हे मी स्वतः जाऊन सांगितलं.

तरी नामंजुरी मागे घेऊन पॉलिसीत लिहिलेल्या आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे स्कूटरच्या विम्यात ठरलेल्या किमतीप्रमाणे, दावा मंजूर करावा. तसं करायचं नसेल, तर त्या रात्री मी नेमकं कुठे जायला हवं होतं, ते लेखी कळवावं. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर याच कागदांसह मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे.

आपली,
पॉलिसीधारक

सोबत : चौकीच्या दारावरील सूचनेचा फोटो, 112 च्या कॉलची व तुमच्या एसएमएसची प्रत, एफआयआर