ओढ्यातल्या मुऱ्यांचीही नोंद व्हावी

मा. संपादक, स. न. वि. वि.

आंबोलीत महादेवाच्या देवळाजवळच्या कुंडातल्या बोटभर माशाला २०२० साली 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे शास्त्रीय नाव मिळाले आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. तीच हिरण्यकेशी नदी आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकातल्या आमच्या संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. याच नदीतून २०१४ साली 'पेथिया लाँगिकॉडा' हा आणखी एक छोटा मासा शास्त्राला नव्याने कळला. पण आपल्या हद्दीतल्या ओढ्यांत काय काय आहे, हे विचारायला कोणी आल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

लहानपणी चढणीचे मासे बघायला आम्ही ओढ्यावर पळायचो. बाकीचे मासे पाण्याविरुद्ध उड्या घेत. मुरी मात्र दगडाखाली दबा धरून बसे. दगड हळूच उचलला की वाळूच्या रंगाचे, अंगावर तपकिरी पट्टे असलेले मासे क्षणभर दिसत आणि गढूळ पाण्यात नाहीसे होत. एकदा एक पेल्यात सापडली, तेव्हा तिच्या तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या मोजल्या होत्या. मासे ओळखणारेही तिथूनच सुरुवात करतात, हे फार उशिरा कळले.

नवी जात ठरवून तिला नाव द्यायचे तर मिशा किती, परांत किरण (म्हणजे पर ताठ धरणाऱ्या काड्या) किती, पट्टे कुठे सुरू होतात, खवल्याच्या माशात अंगाच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषेवर खवले किती, हे सगळे मोजून जवळच्या प्रत्येक जातीशी ताडून पाहावे लागते. मासा टिकवायला वापरतात त्या फॉर्मेलिनमुळे डीएनए बिघडतो, म्हणून मांसाचा बारीक तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये ठेवतात. रंगही उडतो, म्हणून मासा जिवंत असतानाच फोटो घेतात. ज्या एका माशावर ते नाव कायमचे बांधले जाते, तो 'होलोटाइप' संग्रहालयात जपला जातो. उद्या कोणाला शंका आली तर बाटली उघडून पुन्हा मोजता आले पाहिजे.

आणि शंका येतातच. कर्नल साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने छापली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावे त्यांनी तशीच लॅटिनात घेतली. 'खुद्री' आजही महसीर या मोठ्या नदीमाशाच्या एका जातीच्या नावात आहे. आपली मुरीही 'मूरे' होऊन त्यांच्या यादीत गेली. पुढे बराच काळ तिला दुसऱ्याच एका जातीत, 'बोटिया'त, गणले गेले आणि २०१५ च्या फेरतपासणीत ती पुन्हा वेगळी ठरली. म्हणजे इथल्या बायाबापड्यांना जो फरक दिसत होता, तो शास्त्राच्या वहीत पक्का व्हायला पावणेदोनशे वर्षे लागली. मला याचा अभिमान वाटतो आणि काळजीही वाटते, कारण आता ती नावे सांगणारी माणसेच राहिली नाहीत. माझी नातवंडे ओढ्यातल्या सगळ्याच माशांना नुसते 'फिश' म्हणतात.

आमच्या शिवारातल्या एका झऱ्यात दोन वर्षांपूर्वी डास मारण्यासाठी गप्पी मासे सोडले गेले. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण तिथे मुळात कोणते मासे होते हे कोणीही विचारले नाही. यंदा मे महिन्यात मी तासभर दगड उलटून पाहिले. गप्पी ढिगाने होते, मुरी एकही दिसली नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावातल्या जीवजातींची लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. माझी मागणी एवढीच आहे की हुक्केरी, खानापूर, चिकोडी भागातल्या पंचायतींनी त्या वहीत ओढ्यांतले बारीक मासेही लिहावेत. मराठी आणि कन्नड दोन्ही नावे, कोणत्या ओढ्यात, कोणत्या महिन्यात दिसतात, आणि सोबत फोटो. पकडायची गरज नाही. वाचकांनी आपल्या गावातल्या माशांची नावे संपादकांकडे कळवली, तर ती पत्रव्यवहारात छापावीत ही विनंती. सुरुवात म्हणून माझ्याकडची नावे सोबतच्या कागदावर लिहून पाठवत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, संकेश्वर (ता. हुक्केरी)