लोलोंची पेटी उघडण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फिलिपाइन्समधल्या तुझ्या घरमालकीणबाईंनी, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपल्या वडिलांच्या (घरचे ‘लोलो’, म्हणजे आजोबा) कागदांची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली आणि ९ एप्रिलच्या शौर्यदिनी (१९४२ मध्ये बाताआन द्वीपकल्प जपान्यांच्या हाती पडलं तो दिवस) त्यांच्यासाठी काय करता येईल असं तुला विचारलं, हे वाचून फार बरं वाटलं. कापासच्या स्मारकावर जाऊन फुलं वाहा, जरूर. पण त्याआधीचा आठवडा पेटीला दे. फिलिपिनो सैनिकांच्या बाबतीत मान आणि कागद वेगळे काढताच येत नाहीत. ते का, हे आधी सांगतो.

२६ जुलै १९४१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी, तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपाइन्सच्या फौजेला अमेरिकी सैन्याच्या सेवेत घेतलं. अडीच लाखांहून जास्त फिलिपिनो या सेवेत लढले. मग फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेनेच कायदा केला, की माजी सैनिकांच्या लाभांसाठी यांची सेवा ‘सक्रिय सेवा’ धरायची नाही. नागरिकत्वाची वाट १९९० च्या कायद्याने मोकळी झाली. पैसे मिळाले २००९ मध्ये, तेही एकरकमी : अमेरिकी नागरिकाला १५,००० डॉलर, इतरांना ९,०००. चाळीस हजारांवर अर्ज आले आणि निम्म्याहून जास्त नामंजूर झाले. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या सरकारी अभिलेखागारातल्या यादीशी नाव जुळलं नाही, हे मोठं कारण. युद्धानंतर खोटे दावेही पुष्कळ झाले होते, ते नाकारायचं नाही. पण नव्वदीतल्या माणसाला एका अक्षराच्या फरकामुळे ‘तू सैनिक नव्हतास’ असं ऐकावं लागणं, हा माझ्या मते त्या युद्धाचा सर्वांत लाजिरवाणा शेवट आहे. आपल्याकडच्या वीरगळांवर घोडा, तलवार, अप्सरा सगळं कोरलेलं असतं, नाव मात्र बहुतेकांवर नसतं. शेंदूर लागतो, पण तो कोणाला, ते गावालाही सांगता येत नाही. लोलोंचं तसं होऊ द्यायचं नसेल तर पेटी नीट उघडायला हवी.

दमट हवेत इतकी वर्षं राहिलेला कागद घडीवर तुटतो. घडी जोराने उलगडू नकोस. स्टेपलची पिन गंजून कागदाला चिकटली असेल तर ओढू नकोस. तिच्याखाली जाडसर प्लॅस्टिकची पट्टी सरकव आणि टोकं हळूहळू उघड. चिकटपट्टी लावायची नाही, ती पिवळी पडून शाई घेऊन निघते. सर्वांत मोठं संकट लॅमिनेशनचं. कागद टिकावा म्हणून घरोघरी प्रेमाने हेच करतात, आणि उष्णतेने बसलेला तो थर पुन्हा निघत नाही. बाईंना हे आजच सांग. कागद आम्लविरहित पाकिटांत ठेव. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी फोल्डरमध्ये नको.

प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर, टिफमध्ये स्कॅन कर. मागची बाजू कोरी दिसली तरी कर, पुष्कळदा शिक्का तिथेच असतो. फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचे वळ पुढून उमटतात. स्कॅनच्या दोन प्रती घरात वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे असू दे.

आता नाव. फिलिपिनो नावात मधलं नाव आईच्या माहेरचं आडनाव असतं. आपल्यासारखं ते वडिलांचं समजून यादी केलीस तर सगळी उलटी होईल. ‘डेला क्रूझ’ एका यादीत ‘ड’खाली असेल, दुसरीत ‘क्रूझ’ म्हणून. अमेरिकी टंकयंत्रावर ‘एन्ये’ (ñ) हे अक्षर नव्हतं, म्हणून ‘मुन्योझ’चा ‘मुनोझ’ झाला. जपान्यांविरुद्धच्या गनिमी तुकडीतला माणूस तर टोपणनावानेच वावरत असे. म्हणून एका तक्त्यात कागदाची तारीख आणि त्यावरचं नाव जसंच्या तसं उतरव. चूक दिसली तरी सुधारायची नाही. जन्मतारखेचंही तसंच.

घरचे म्हणतात लोलो ‘थर्टी-फर्स्ट’मध्ये होते. इथे घाई नको. देशाचे दहा लष्करी जिल्हे होते आणि राखीव डिव्हिजनचा आकडा त्यावरून पडे : पहिल्या जिल्ह्याची ११ वी, दुसऱ्याची २१ वी, असं १०१ पर्यंत. म्हणजे ३१ वी डिव्हिजन तिसऱ्या जिल्ह्याची. पण त्या डिव्हिजनमध्ये ३१ वी इन्फन्ट्री रेजिमेंटही होती, आणि मनिलात अमेरिकी सैन्याची स्वतःची ३१ वी इन्फन्ट्री वेगळीच होती. कागदावर आकड्यापुढे काय लिहिलंय ते बघ. फिलिपाइन स्काउट्सचा शब्द आला तर गोष्ट आणखी बदलते, कारण जुने स्काउट्स अमेरिकी नियमित सैन्याचाच भाग होते आणि १९४६ चा तो कायदा त्यांना लागू नव्हता.

पेटीत ‘फॉर्म २३’ सापडला तर तो आधी वाच. युद्ध संपताना फिलिपिनो सैनिकांकडून घेतलेलं हे प्रतिज्ञापत्र. त्यात आत्मसमर्पण, कैद, सुटका आणि पुढचा काळ तारखांनिशी लिहायचा असे. जपान्यांनी फिलिपिनो कैद्यांना १९४२ च्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने सोडलं. त्यानंतर गनिमी तुकडीत गेलेल्या कित्येकांनी ते या फॉर्मवर लिहिलंच नाही, आणि पुढे त्यांचे दावे त्यावरच अडले. फॉर्म आणि घरची आठवण जुळली नाही तर दोन्ही नोंदव. निवाडा तू करू नकोस.

बाईंची मुलाखत सकाळी घे. पंखा बंद, पडदे ओढलेले, शेजारच्या झुंजीच्या कोंबड्यांपासून लांबची खोली. कॉलरला लावायचा छोटा माइक फोनच्या माइकपेक्षा खूप बरा. सुरुवातीला तारीख, जागा, पूर्ण नाव बोलून घे आणि त्यांची लेखी संमती घे. कापाम्पांगानमध्येच, त्यांच्या भाषेत, बोलू दे, भाषांतर नंतर करता येतं. तासाभराच्या वर ताणू नकोस. ‘ते मृत्युयात्रेत (बाताआनहून कैद्यांना पायी नेलं ती वाटचाल) चालले का?’ असं विचारलंस तर उत्तर ‘हो’च येईल. ‘बाताआन पडलं तेव्हा ते कुठे होते, पुढे कुठे गेले?’ असं विचार. वडिलांकडून ऐकलेलं कोणतं आणि शेजाऱ्यांकडून कळलेलं कोणतं, हे वेगळं लिही. तारीख आठवत नसेल तर भाताची कापणी, गावची फिएस्ता (जत्रा), वादळ यांच्या आधी की नंतर ते विचार. छळाबद्दल त्या गप्प झाल्या तर विषय सोड.

मग ९ एप्रिलला कापास. मारिव्हेलेसपासून सान फर्नांडोपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर पायी आणलेल्या कैद्यांना तिथे मालगाडीच्या डब्यांत, एकेका डब्यात शंभराच्या आसपास, कोंबलं गेलं. ती गाडी तुझ्या अँजेलिसवरूनच गेली. कापासहून पुन्हा चालत ओडोनेल छावणी, आणि तिथे वीस हजारांहून जास्त फिलिपिनो मेले. स्मारकाच्या काळ्या संगमरवरी भिंतींवर नावं आहेत. लोलो छावणीतून जिवंत परतले असले तरी त्यांच्या तुकडीतले कोण तिथे आहेत ते बाईंबरोबर शोध. ऊन फार असतं, त्यांचं वय बघता पहाटेच निघा.

अभिलेखागाराला अर्ज स्टँडर्ड फॉर्म १८० वर करायचा. सेवा संपून ६२ वर्षं झाली की कागद सर्वांना खुले होतात, त्यामुळे नातवंडंही मागू शकतात, शुल्क पडतं. तक्त्यातली सगळी वेगळी नावं त्यात लिहा, नाहीतर ‘नोंद नाही’ एवढंच उत्तर यायचं. अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक डिसेंबर २०१६ च्या कायद्याने या सर्व सैनिकांना मिळून दिलं गेलं. त्यासाठी सेवा २६ जुलै १९४१ ते ३१ डिसेंबर १९४६ मधली लागते, म्हणून या दोन तारखांच्या आतला प्रत्येक कागद तक्त्यात ठळक खुणेने दाखव.

पहिल्या दिवसाची यादी झाली की बाईंना विचारून तिचा फोटो मला पाठव. रेजिमेंटचा आकडा पुसट असेल तर शाईने गिरवू नकोस, खिडकीशी तिरप्या उजेडात धरून फोटो काढ.

तुझे,
बाबा