०.८ मिलीची पोचपावती

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

निघताना तुम्ही बजावले होते की माझे नाव कुठे लिहू नका, म्हणून ते लिहीत नाही. माझेही नाव तुमच्या लक्षात असण्याचे कारण नाही. आषाढातल्या त्या धुवांधार पावसात एकशेआठच्या गाडीतून आलेली १२४० ग्रॅमची मुलगी म्हटले की तुम्हाला आठवेल. मी पोस्टात काउंटरवर असतो आणि रोज पार्सले तोलतो, त्यामुळे १२४० ग्रॅम म्हणजे किती हे काटा न बघताही माझ्या हाताला कळते; त्या रात्री ते वजन टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिले तेव्हा मला दुसरे काही सुचले नाही, फक्त हे इतकेच आहे, इतकेच आहे, असे मनात घोकत राहिलो.

त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय तुम्ही काय केलेत याचे मोल इतरांना कळणार नाही. एकतिसाव्या आठवड्यात पत्नीची कंबर भरून आली आणि पोट थांबून थांबून कडक होऊ लागले. आम्ही ज्या खासगी दवाखान्यात नाव घातले होते तिथे गेलो, तर पोटाला धड हात न लावताच पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ‘एवढ्याशा दुखण्याला घाबरायचे नसते’ असे ऐकवून घरी पाठवले. दोन दिवसांनी रात्री पाणी गेले. पुन्हा तिथेच धावलो तर तासभर व्हरांड्यात बसवून ठेवून, आमच्याकडे काचेची पेटी नाही, दुसरीकडे न्या, असे सांगण्यात आले. आणि ती कॉटवर पडलेली असताना, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘आठमाशी मूल आहे, फार आशा धरू नका’ असेही कोणीतरी म्हणाले. सातमाशी जगते आणि आठमाशी जगत नाही ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे, तिला काहीही आधार नाही, दिवस भरेपर्यंत पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, हे मला तुमच्या नवजात बाळांच्या कक्षातल्या डॉक्टरांनी नंतर समजावले. म्हाताऱ्या माणसांनी तसे म्हटले तर मी समजू शकतो, दवाखान्यात ते ऐकायला मिळावे हे मात्र आजही पचत नाही.

त्याहून जास्त सलते ते ते दोन दिवस. दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची चिन्हे दिसली तर आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची इंजेक्शने बारा-बारा तासांनी चार वेळा देतात आणि त्याने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे मला मुलगी पेटीत असताना कळले. चार इंजेक्शनांना लागतात त्याहून जास्तच तास आम्ही पित्ताच्या गोळ्या घेत घरी काढले होते. शेवटी ज्या सरकारी रुग्णालयात सिझेरियन झाले तिथल्या डॉक्टरांनी पहिले इंजेक्शन लगेच दिले, पण ते लागू पडायला वेळच उरला नव्हता. फुप्फुसातल्या इवल्या पिशव्या मिटू नयेत म्हणून त्यांना आतून सरफॅक्टंटचा लेप असावा लागतो, तो तिच्याकडे पुरेसा नव्हता, आणि म्हणून ती दर श्वासाला कण्हत होती, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तुमच्याकडे पोहोचल्यावर नळीतून ते औषध तिच्या फुप्फुसात सोडले गेले आणि नाकाला सीपॅप, म्हणजे सतत दाबाने हवा देणारे यंत्र, लावले. त्या यंत्राची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते आणि बाटलीत सतत बुडबुडे येतात. पहिली रात्र मी दाराच्या काचेतून त्या बुडबुड्यांकडेच बघत उभा होतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगतो.

पत्नी सिझेरियन झालेल्या रुग्णालयात, मुलगी तुमच्याकडे, आणि मध्ये तासा-दीड तासाचा रस्ता. टाके आणि रक्तस्राव यांमुळे तिला पाच दिवस हलवता येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे तिने हाताने दूध काढले. तासभर प्रयत्न करून जे आले त्याने वाटीचा तळही झाकला नाही. शेजारच्या कॉटवरच्या बाया म्हणाल्या, एवढ्याशा दुधाने काय होणार, पावडर द्यायला सांगा. ती वाटीकडे बघून रडत होती. आम्ही ते सिरिंजमध्ये ओढून घेतले, बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवले आणि मी एसटीत बसलो. पावसाने गाडी जागोजागी थांबत होती, आणि मांडीवरच्या त्या थर्मासची मला हळूहळू लाज वाटू लागली होती. तुमच्या दारात आल्यावर मी पहिले वाक्य बोललो ते, ‘सिस्टर, फार थोडे आहे हो.’

तुम्ही काही बोलला नाहीत. कोपरापर्यंत हात धुतलेत आणि ती सिरिंज दोन्ही हातांनी घेतलीत, तीर्थ घ्यावे तशी. उजेडाकडे धरून खुणेवरचा आकडा वाचलात आणि मुलीच्या तक्त्यावर माझ्यादेखत लिहिलेत: आईचे दूध, ०.८ मिली, सकाळी ११.२०. मग मान वर करून म्हणालात, ‘ह्यां दूध नाय, औषध आसा. पोचलां म्हणान सांगा तिच्या आवशीक.’

एका बोळ्याने तुम्ही त्यातले थेंब तिच्या गालाच्या आतून लावलेत, आणि सीपॅपच्या नळ्यांखाली तिचे ओठ हलले. मी बाहेर येऊन फोन केला आणि एवढेच म्हणालो, ‘पोचलं.’ पलीकडून बराच वेळ नुसता हुंदका येत होता, पण तो सकाळचा नव्हता. दुसऱ्या दिवशी ३ मिली आले. पाचव्या दिवशी सिरिंज पुरेना म्हणून तुम्ही उकळलेल्या वाट्या दिल्यात.

पोस्टात इतकी वर्षे काढल्यामुळे पोचपावतीची किंमत मी जाणतो. मुंबईला नोकरीला असलेल्या लेकाला पाठवलेल्या डब्याची पोच आली की म्हाताऱ्या आयांचे चेहरे कसे सैल होतात हे मी काउंटरच्या आतून पाहत आलो आहे. तुम्ही माझ्या पत्नीला त्या दिवशी अशी पोच दिलीत. जिला काही दिवसांपूर्वीच ‘एवढेसे दुखणे’ म्हणून परत पाठवले होते, तिचे ०.८ मिली तुम्ही दशांश चिन्हासकट लिहून घेतलेत.

ते औषध होते म्हणजे काय, हे नवव्या दिवशी कळले. मुलीचे पोट फुगले, पोटात घातलेल्या नळीतून हिरवट पाणी परत येऊ लागले, आणि तुम्ही टेपने पोटाचा घेर मोजून कालच्यापेक्षा २ सेंटिमीटर जास्त आहे असे सांगितलेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची कोवळी आतडी सुजून सडू लागण्याचा जो आजार असतो, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, त्याची शंका डॉक्टरांना होती. दूध थांबवून सलाईन आणि प्रतिजैविके सुरू झाली. तुम्ही मला खोटा धीर दिला नाहीत. हा आजार जिवावर बेतू शकतो, आईच्या दुधावरच्या बाळांना तो कमी होतो, आणि हिला दुसरे काही दिलेले नाही, एवढेच स्वच्छ शब्दांत सांगितलेत. तीन दिवस आम्ही नवराबायको फक्त त्या टेपकडे डोळे लावून होतो. चौथ्या दिवशी पोट मऊ लागले आणि १ मिलीपासून पुन्हा सुरुवात झाली.

बाकीच्या गोष्टी झरझर गेल्यासारख्या आठवतात. ती श्वास घ्यायचे विसरायची आणि वीस सेकंद झाले की यंत्र ओरडायचे, तुम्ही तळपायाला बोटाने टिचकी मारली की पुन्हा सुरू व्हायची. त्यासाठी कॅफिन देतात, चहा-कॉफीत असते तेच, याचे आमच्या आईला फार नवल वाटले. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूत रक्तस्राव दिसला नाही त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवले तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधलेली ती पाहवत नव्हती. त्या उपचाराची हकीगत पुढे माझ्या वाचनात आली. १९५६ साली इंग्लंडातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत, आणि एका बाळाच्या अंगावर चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला तेवढा त्रिकोण पिवळा राहिला, उघडे अंग मात्र निवळले, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. त्यातून हा प्रकाशाचा उपचार निघाला. ते वाचताना मला तुमचा टेप आठवला. जवळून आणि रोज बघणाऱ्या माणसालाच असा त्रिकोण दिसतो.

घरी सोडण्यापूर्वी, तिसाव्या दिवसाची डोळ्यांची तपासणी तुम्ही कार्डावर लाल शाईने लिहून ठेवली होती आणि आदल्या दिवशी मला दोनदा विचारलेत. अशा बाळांच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, वरून काहीच दिसत नाही आणि वेळ टळली तर दृष्टी जाते, हे त्या लाल शाईमुळेच माझ्या डोक्यात पक्के बसले. तिचे डोळे चांगले आहेत.

त्या पाच आठवड्यांत मला चांगली माणसे खूप भेटली. रात्री दोनला बाकावर झोपलेल्या माझ्या अंगावर आपली घोंगडी टाकून गेलेला पहारेकरी, पावसात फांदी आडवी पडली तेव्हा स्वतः उतरून ती ओढणारा एकशेआठचा चालक, माझे बर्फाचे पैसे कधीच न घेतलेला सोड्याच्या दुकानातला मुलगा. यांतल्या कोणाला वरून हुकूम नव्हता. सौजन्याला पेटी लागत नाही की यंत्र लागत नाही, आणि ज्या दवाखान्यात आम्हाला व्हरांड्यात बसवले तिथेही ते फुकटच मिळण्यासारखे होते, असे मी रागाने नाही, खरेच दुःखाने लिहितो.

मुलगी आता ६ किलो ४०० ग्रॅमची आहे. वय मोजताना प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्या हिशेबाने तिला या महिन्यात सहा महिने पुरे होतात. शिमग्याची पालखी घरून गेली की येत्या रविवारी उष्टावण करायचे ठरले आहे. मामाचा मान आहे, पण तो आपणहून म्हणाला की पहिला थेंब ज्यांनी दिला, खिरीचा पहिला घासही त्यांच्याच हातून व्हावा. तुमची ड्यूटी असेल तर दिवस पुढे ढकलू. फक्त कळवा.

आपला ऋणी,
आषाढातल्या मुलीचा बाप