पुठ्ठा सरकवून देणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री,

पत्र लिहावं इतकी काही आपली ओळख नाही. आठ महिन्यांत या पिकअपसाठी मी गाठलेले तुम्ही चौथे मिस्त्री, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी भांडायच्याच तयारीने आलो होतो.

वेल्डिंगचं काम म्हटलं की मशीन, जनरेटर, सिलिंडर, अँगल, पाइप हे सगळं रोज गाडीत. सामान चढलं की माझी पिकअप मागून अशी बसायची की बोनेट आभाळाकडे. रात्री लाइट खाली असले तरी समोरच्याच्या डोळ्यांत घुसायचे. जो तो डिपर मारून शिव्या घालत जायचा. स्पीडब्रेकरवर मागून खाडकन आवाज. स्टिअरिंग तर इतकं हलकं लागायचं की वळणावर तळहात घामेजायचे.

पहिल्याने मागचे दोन्ही शॉकअप बदलले. शॉकअप वजन पेलत नाही, ते पेलतात एक्सलवरचे स्प्रिंगचे पाटे; शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो, हे मला तुमच्याकडे कळलं. त्याला ते आधीपासून माहीत असणार, हेच जास्त लागतं. दुसऱ्याने दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा चढवला. रिकामी गाडी खड्ड्यांत टणाटण उडायला लागली आणि भरली की पुन्हा डावीकडे कललेली. तिसऱ्याने मोबाइलमधून मान वर न काढता निकाल दिला, "पिकअप आहे, बसणारच. माल कमी भरा." गाडी भरलेली असताना खाली वाकून बघावं असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही.

तुम्ही मात्र मला माल उतरवूच दिला नाहीत. "रोज भरता तशीच राहू द्या." टेप काढून चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजल्यात आणि आकडे खडूने टायरवरच लिहिलेत. डावी बाजू चार सेंटिमीटर खाली.

मग तुमचा तो पुठ्ठा, तेलाने काळा पडलेला, माझ्याकडे सरकवलात. "या, तुम्हीच बघा." आणि स्वतः ओल्या सिमेंटवर तसेच आडवे झालात. एकच पुठ्ठा होता, तो मला दिलात. टॉर्च माझ्या हातात, चिंधी तुमच्या. चिखल पुसलात आणि माझं बोट धरून, पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टला लागून, तिसऱ्या पाट्यावर टेकवलंत. केसाएवढी रेघ. नख अडकलं.

"आत गंज धरलाय, म्हणजे जुनी चीर आहे. तुमच्या कालच्या मालाने पडलेली नाही ही."

आठ महिने घरीदारी ऐकत होतो की मीच हावरटासारखं भरतो. मलाही ते पटायला लागलं होतं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा गंजाची भुकटी पडली म्हणून सांगितलं. तुम्ही काही न बोलता चिंधीची स्वच्छ बाजू पुढे केलीत.

माझी चूक होती तीही तुम्ही लपवली नाहीत. जनरेटर मी उतरवायला सोपा म्हणून फाळक्याला टेकवून ठेवायचो. एक्सलच्या मागे गेलेलं वजन पुढची चाकं उचलतं, ते पुढे केबिनकडे सरकवा, म्हणालात. आणि पाटे कितीही चढवले तरी गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही, कारण ब्रेक, टायर, एक्सल तेच राहतात, हेही बजावलंत. पाटे विकणारा माणूस हे सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास न ठेवून कसं चालेल? हाताला कसब असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, मीही त्याच धंद्यात पोट भरतो. पण गिऱ्हाइकाला अडाणी न समजणारी फार थोडी भेटतात. परवा एका बाईंच्या गेटचं बिजागर तुटलं होतं, तर मीही त्यांना जवळ बोलावून जुना टाका कुठे सुटला ते दाखवलं. त्याआधी कधी दाखवलं नव्हतं.

बाकी कामाचं काय लिहू! दोन्ही बाजूंचे पाटे सारखे केलेत, जुने यू-बोल्ट पुन्हा वापरले नाहीत, गाडी भरून परत मोजलीत. आता रात्री कुणी डिपर मारत नाही.

पाचशे किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळायला या, म्हणाला होतात. काल झाले. सोमवारी येतोय, माल भरूनच. पुठ्ठा माझा मी आणतो, तुमचा तुम्हाला राहू दे.

तुमचा,
डावीकडे कललेल्या पिकअपवाला