कबड्डीपटूला रग्बीत उतरवण्याआधी टॅकल नव्याने शिकवा

मा. संपादक,

जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. तेव्हापासून नाशिकच्या मैदानांवर पालक विचारू लागले आहेत, ‘मुलगा कबड्डीत चपळ आहे, रग्बीत करिअर होईल का?’ होईलही. पण ती लीग होती सहा संघांची, सेव्हन्स प्रकाराची (म्हणजे सात-सात खेळाडूंची) आणि दोन आठवड्यांची. तिच्यावर वर्षाचे घर चालत नाही. इंग्लंडसारख्या देशातही वूस्टर आणि वॉस्प्स हे क्लब 2022 मध्ये, तर लंडन आयरिश 2023 मध्ये आर्थिक अडचणीत बुडाले आणि करार असलेली तरुण मुले रस्त्यावर आली. त्यामुळे बारावी, पदवी किंवा आयटीआय सोडून कोणीही रग्बीच्या मागे लागू नये.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही. सोळा-सतरा वर्षांचा कबड्डीपटू थेट सामन्यात उतरवला जातो, त्याबद्दल आहे. वेग आणि पकड तो घेऊन येतो. चूक होते ती डोक्याच्या जागेत. कबड्डीत कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेपावतो तेव्हा त्याचे डोके बहुधा चढाईपटूच्या पायांपुढे असते. चढाईपटू मागे वळत असल्याने ते निभावते. रग्बीत चेंडूवाला पूर्ण वेगाने समोरून अंगावर येतो. तिथे तीच झेप घेतली तर गुडघा थेट कानशिलावर बसतो. साखळी करून दोघे दोन बाजूंनी आले तर आपल्याच दोघांची डोकी आपटतात. आणि कबड्डीतला डॅश, म्हणजे हात न घालता दिलेला खांद्याचा धक्का, रग्बीत सरळ पेनल्टी आहे. टॅकल करताना, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडताना, हातांनी कवळ घालावीच लागते.

म्हणून पहिले दोन आठवडे टॅकल करणारा आणि चेंडूवाला, दोघांनाही गुडघ्यांवर बसवून सराव घ्यावा. बाजूने टॅकल करताना डोके चेंडूवाल्याच्या पाठीमागे राहिले पाहिजे, गाल त्याच्या नितंबाला टेकलेला, डोळे उघडे, हनुवटी छातीपासून सुटलेली. मग उभे राहून चालत, मग हळू धावत, शेवटी पूर्ण वेगात. चेंडूवाल्याच्या जवळचा पाय पुढे टाकला नाही तर खांदा पोहोचत नाही आणि नुसते हात पुढे जातात. खांदा निखळतो तो अशा वेळी. दोन्ही खांद्यांना सारखाच सराव हवा. उजव्या खांद्याची सवय झालेला मुलगा डावीकडून येणाऱ्यालाही उजवाच खांदा लावतो आणि डोके चुकीच्या बाजूला जाते. आमच्या मते आठ आठवडे हे झाल्याशिवाय सामना नकोच.

पडणेही शिकवावे लागते. चढाईपटूला मध्यरेषेकडे हात लांबवण्याची सवय असते. रग्बीत पडताना हात टेकला की मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडते. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी घ्यावा, हनुवटी आत, आणि कुशीवर पडावे.

आपल्याकडच्या काळ्या मातीची मैदाने फेब्रुवारीपासून दगडासारखी होतात. पूर्ण टॅकलचा सराव जुलै ते ऑक्टोबरमध्ये, माती मऊ असताना घ्यावा. उन्हाळ्यात पास, पदलालित्य आणि टॅकल शील्डवरच (हातात धरायच्या जाड गादीवर) भागवावे. मानेचे व्यायाम बारमाही हवेत: तळहाताने डोक्याला चारही दिशांनी रोखायचे, दहा सेकंद धरायचे, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा ‘ॲक्टिव्हेट’ हा वीस मिनिटांचा वॉर्मअप विनामूल्य आहे. इंग्लंडमधील शालेय संघांवर बाथ विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात तो आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांच्या सामन्यातील दुखापती 72 टक्क्यांनी कमी आढळल्या. एवढा फायदा महागड्या बुटांनी होत नाही आणि स्क्रम कॅप या डोक्यावरच्या मऊ टोपीनेही नाही; तिने कान आणि डोक्याची कातडी वाचते, मेंदूचा हादरा टळत नाही.

वजनाबाबत एवढेच, की कबड्डीतल्या वजनमर्यादेमुळे उपाशी राहण्याची सवय लागलेली असेल तर ती मोडावी. सत्तर किलोच्या मुलाला दिवसाला 110 ते 140 ग्रॅम प्रथिने लागतात. अंडी, दूध, हरभऱ्याची उसळ आणि सोयाबीन वड्यांतून ती मिळतात. जिममधून प्रोटीन पावडरचा बिनपावतीचा डबा आणू नये. त्यात बंदी असलेला पदार्थ निघाला तर ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेसमोर जबाबदार खेळाडूच ठरतो.

सर्वांत कळकळीची विनंती स्पर्धा भरवणाऱ्यांना. सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन सत्रांचा असल्याने एका संघाचे दिवसात तीन सामने होतात. सकाळी डोक्याला मार बसलेला मुलगा ‘आता बरा आहे’ म्हणून दुपारी पुन्हा उतरतो. हे नियमाविरुद्ध आहे. मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद आणि हौशी खेळाडूने किमान 21 दिवस सामन्याबाहेर राहायचे, असे वर्ल्ड रग्बीचे मार्गदर्शन आहे. आधीचा हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर जीवावर बेतू शकते. संघाला खेळाडू कमी पडतो म्हणून प्रशिक्षकाने हा निर्णय स्वतःकडे घेऊ नये, तो मैदानावरच्या डॉक्टरचा असावा. डॉक्टर नसेल तर सामना सुरू करू नये. आणि प्रवेश अर्जात वय आणि वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा: डोक्याला शेवटचा मार बसल्याची तारीख, पालकाच्या सहीसह.

– काही रग्बी प्रशिक्षक, नाशिक